माहेरची पोरं बरी आहेत

१

डिश नाहीशी झाल्याचं मला फोनवर कळलं. बायको वारून थोडेच दिवस झाले होते. फोन वाजला की मी तो उचलून नुसता कानाला लावत असे. बोलायचं काही नसे.

"काका, मी मॅडमची विद्यार्थिनी. मॅडमनी इथून, लॅबमधून, घरी एखादी डिश आणली होती का? झाकणाची, प्लास्टिकची?"

"जेवायची?"

"नाही हो. माशांच्या पिल्लांची. दोन होत्या, आता एकच आहे. मॅडम आजारी होत्या म्हणून इतके दिवस विचारलं नाही." मग ती रडायला लागली. "सगळं त्या दोन डिशमध्येच होतं, काका."

माझी बायको मासे पाळते असं मी लोकांना सांगत असे, कारण खरं सांगायला वेळ लागतो. करंगळीएवढे, अंगावर पट्टे असलेले मासे. त्यांची अंडी काचेसारखी आरपार दिसतात. आत मेंदू तयार होताना भिंगाखाली बघता येतो, आणि तो एका दिवसात आकाराला येतो. अंड्यांच्या पाण्यात ती आकडीवरचं औषध घालायची आणि त्या मेंदूचं काय होतं ते बघायची.

आकडी तिला स्वतःला लहानपणापासून होती. आमचा सोन्या पोटात असताना ती जुनं औषध घेत होती. सोन्या आता बाप्या माणूस आहे. खोके चिकटवायच्या कारखान्यात जातो, पण घड्याळ त्याला अजून वाचता येत नाही. हे औषधामुळे झालं की कशामुळे, ते तिला कुणी कधी सांगितलं नाही. म्हणून तिने हे माशांचं काम धरलं.

शेवटच्या दोन डिश मात्र सोन्यासाठी नव्हत्या, तिच्या भाचीसाठी होत्या. भाचीलाही आकडी आहे, पण ती नवं औषध घेते. त्या औषधाचं पोटातल्या बाळावर काय होतं हे अजून कुणालाच धड माहीत नाही. भाचीला मूल हवं होतं. डॉक्टर म्हणाले होते, "औषध बदलून देता येईल, पण दुसऱ्याने आकडी थांबेलच असं नाही. तुमच्या मावशींचं काय निघतं ते बघू." आणि भाची मावशीला म्हणाली होती, "तू सांगशील तेव्हा."

मी भाचीच्या आईला, म्हणजे माझ्या थोरल्या मेव्हणीला फोन लावला. त्यांना आम्ही ताई म्हणतो.

"डिश हरवली तर हरवली," ताई म्हणाल्या. "उत्तर कधीच मिळालंय. ती स्वतः मला सांगून गेली. त्या माशांच्या खोलीतच."

"काय सांगितलं?"

"नको हो. तुम्हाला लागेल."

"ताई, आता काय लागायचं राहिलंय?"

"म्हणाली, तिला सांग, माहेरची पोरं बरी आहेत. सासरची नाहीत." मग त्यांचा आवाज चढला. "म्हणजे माझ्या लेकीला भीती नाही. सोन्याचं जे झालं ते औषधाने झालं नाही. ते तुमच्याकडून आलं. जन्मभर बिचारी स्वतःला खात राहिली, आणि दोष होता तुमच्या रक्तात."

२

मी विमा कंपनीत होतो. जळालेली दुकानं आणि गोदामं बघायला मला पाठवत. जळालेल्या जागेत काय जळालं ते सगळेच बघतात. काय जळालं नाही ते बघायचं असतं.

माशांची खोली तळमजल्यावर होती. आत गेल्यावर चष्म्यावर वाफ धरली. भिंतीला लागून टाक्यांच्या रांगा, त्यांतून पाण्याची बारीक कुरकुर, आणि भिंगाच्या टेबलाजवळ एक ठेंगणं फडताळ. बायकोची खुर्ची टेबलाशी तशीच होती. खुर्चीच्या पाठीला तिने घरची उशी बांधली होती. उशीकडे बघायचं नाही असं ठरवून मी उभा राहिलो.

टाक्या राखणाऱ्या माणसाला सगळे टाकीमामा म्हणत. त्याने मला स्टूल दिलं. "बसा साहेब. इथे उभं राहिलं की मासे समजतात खायला आलं. सगळे तोंड वर करतात, अगदी बायकोच्या माहेरच्यांसारखे." मग मी कोण ते त्याला आठवलं आणि तो पाणी बदलायला निघून गेला.

विद्यार्थिनीने उबेच्या पेटीतून उरलेली डिश काढली. झाकणावर चिकटपट्टी, तिच्यावर बायकोचं अक्षर: मा. आत पापणीच्या केसाएवढी पिल्लं सरळ रेषेत पोहत होती.

"दुसरीवर काय होतं?"

"सा. नावं मॅडमच द्यायच्या. एकीत औषध, एकीत साधं पाणी. कशात काय ते फक्त त्यांना माहीत असायचं. मोजणाऱ्याला कळलं तर तो मनातलं मोजतो, असं त्या म्हणायच्या."

"मग तुला माहीत नाही, हीत औषध आहे की नाही?"

"नाही ना! पिल्लं चांगली आहेत. औषधाची असून चांगली आहेत की साध्या पाण्याची म्हणून, कुणाला ठाऊक?"

"प्रयोग परत करता येत नाही?"

"परवानगी मॅडमच्या नावाची होती. त्या गेल्या तशी ती संपली. नवी मिळायला महिने जातात."

"शेवटचं या खोलीत कोण आलं होतं?"

तिने बोटं मोजली. तीन आठवड्यांपूर्वी बायकोला मी चाकांच्या खुर्चीवरून शेवटचं आणलं तो दिवस. सोबत ताई होत्या. ती गारठली म्हणून मी गाडीतून शाल आणायला गेलो होतो. आम्ही गेल्यावर टाकीमामाने दिवे बंद केले. संध्याकाळी विभागप्रमुख येऊन गेले. सकाळी विद्यार्थिनी आली तर डिश नव्हती.

"आणि तू? त्या संध्याकाळी?"

"मी घरी होते," ती चटकन म्हणाली.

पाण्याची बादली घेऊन टाकीमामा दारात आला होता. तो थांबला. "घरी कशी, पोरी? तूच तर संध्याकाळी इथे जिन्यात भेटलीस मला."

३

ती म्हणाली, "विभागप्रमुख साहेबांकडे गेले होते. दुसरीकडे नोकरी बघतेय, त्यांची शिफारशीची चिठ्ठी हवी होती. मॅडम अशा आजारी, आणि मी पाय काढता घेतेय, हे कसं सांगू तुम्हाला?"

बुडत्या जहाजातून उंदीर पळतात म्हणून आपण नावं ठेवतो. उंदराने काय करायचं असतं?

विभागप्रमुखांची खोली कोरडी आणि थंड होती. त्यांनी दुःख व्यक्त केलं आणि घड्याळ बघितलं.

"तुम्ही त्या संध्याकाळी माशांच्या खोलीत का गेला होता?"

"ही काय उलटतपासणी आहे?"

"सवय आहे, साहेब. जात नाही."

"पेटी बंद आहे का बघायला गेलो. हे औषध बिनधोक आहे असं माझं मत आहे आणि मी ते चारचौघांत मांडलंय. तुमच्या मिसेसना ते पटत नव्हतं. मतभेद असतात. पण एका डिशवरून एवढा गोंधळ कशाला? एक डिश गेली म्हणून कुणी मेलं नाही."

बोलल्यावर त्यांना कळलं. त्यांनी समोरचा पेला सरकवला. मी पाणी प्यायलो.

मला हा माणूस गुन्हेगार हवा होता. जिना उतरताना मी त्याच्यावर गुन्हा बसवून बघितला आणि तो बसेना. उत्तर दडवायचं असेल तर माणूस दोन्ही डिश उलथून देतो आणि पेटी बिघडली म्हणतो. इथे एकच गेली होती. दुसरी झाकण लावून, जागेवर, उबेत. जे जळालं नव्हतं ते जपून ठेवलेलं होतं.

मी परत खाली गेलो. "औषधाचं पाणी टाकता कुठे?" मी विद्यार्थिनीला विचारलं.

"बेसिनमध्ये नाही टाकत. ते लाल झाकणाच्या बादलीत. डिशसुद्धा त्यातच. ती भरली की मगच उचलतात. साध्या पाण्याच्या डिश धुऊन परत वापरतो."

"लाल बादली बघितलीस?"

"ती कशाला बघू? ती टाकायची बादली आहे."

तिने हातमोजे घालून झाकण उघडलं. वरच होती. झाकण नीट लावलेली, आत काही नसलेली. चिकटपट्टीवर सा.

डिश कुणी चोरली नव्हती. कुणीतरी ती रीतीने टाकून दिली होती. म्हणजे औषध सा मध्ये होतं, आणि टाकणाऱ्याला ते माहीत होतं.

आणि ते माहीत असलेलं माणूस जगात एकच होतं.

४

ताईंनी दार उघडलं पण बाजूला व्हायला वेळ लावला.

"मला त्या दिवसाचं सगळं सांगा," मी म्हणालो. "मी शालीला गेलो तेव्हाचं."

"सांगितलं ना फोनवर. किती वेळा स्वतःला बोलून घ्यायचंय?"

"ती आधी काय करत होती?"

"मी दाराशी उभी होते. त्या वासाने मला मळमळतं. ती भिंगातून बघत बसली. बघते आणि बघते. मग फडताळातून एक छोटी बाटली काढली आणि एका डिशमध्ये थेंब थेंब सोडायला लागली." ताईंनी पदर डोळ्यांना लावला. "शेवटचं खाऊ घातलं हो तिने त्यांना. हात थरथरतायत, बाटली निम्मी रुमालावर सांडतेय, तरी घालतेय. कसलं वेड म्हणायचं हे?"

"मग?"

"मग पिल्लं कुठेतरी ओतली, डिश ठेवली. मला बोलावलं. डोळ्यांतून धारा. म्हणाली, तिला सांग, माहेरची पोरं बरी आहेत, सासरची नाहीत. मी म्हटलं, सांगते बाई. तेवढ्यात तुम्ही आलात."

"तिला म्हणजे कुणाला?"

"कुणाला काय विचारता? माझ्या लेकीला! ती उत्तराची वाट बघत नव्हती का? घरी आल्यावर नळीने श्वास घेत होती, बोलता येत नव्हतं, तरी हाताने मला विचारायची, सांगितलंस? मी म्हणायची, हो गं, सांगितलं. मग शांत पडायची." त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "पंचवीस-तीस वर्षांनी तिच्या जिवाला थंडावा मिळाला. तो हिसकावून घ्यायला आलायत का?"

मी उठलो. जिन्यातून उतरताना मला खरोखर वाटलं की घरी जावं, सोन्याला जेवायला वाढावं आणि दोष पत्करावा. रक्त माझं, दोष माझा. बायको त्यामुळे शांत गेली असेल तर स्वस्तात झालं.

पण रुमालाचं नाव निघालं होतं, आणि तो रुमाल माझ्या खिशात होता.

५

तिचे कपडे ताईंनी धुतले होते. रुमाल मी दिला नव्हता. त्याला लवंगेचा वास होता. तिची दाढ दुखत असेल आणि मला सांगितलं नसेल, एवढंच माझ्या मनात आलं होतं. तेही राहून गेलं म्हणून मी तो खिशात ठेवत होतो.

माशांच्या खोलीत परत जाऊन मी तो विद्यार्थिनीपुढे धरला. "ही पिल्लं काय खातात?"

"त्या वयाला? काहीच नाही. पोटाखाली पिवळी शिदोरी असते, तिच्यावरच जगतात."

"म्हणजे तिने खाऊ घातलं नाही."

विद्यार्थिनीने रुमाल नाकाशी नेला आणि लगेच खाली केला. फडताळाकडे बघितलं. बाटली तिथेच होती. "लवंगेचं तेल," ती म्हणाली. "पाण्यात घातलं की पिल्लं गुंगतात. जास्त घातलं की उठत नाहीत. मॅडमचा नियम होता. जे सरळ पोहू शकत नाही, गोल गोल फिरत राहतं, ते दिवसभर तसं ठेवायचं नाही. झोपवायचं. आणि जे सरळ पोहतं त्याला हात लावायचा नाही."

"कितीही असोत?"

"एक जरी सरळ पोहत असेल तरी ते डिशमध्ये राहायचं."

लाल बादलीतली डिश रिकामी होती.

टाकीमामा मागे उभा होता. त्याने बादली खाली ठेवली. "म्हणजे सासर गेलं म्हणायचं सगळं."

"काय म्हणालात?"

"डिशचं, साहेब. मॅडम म्हणायच्या, मामा, माहेरच्यांचं पाणी बदला, सासरच्यांना हात लावू नका, ते माझ्याकडे. मा म्हणजे माहेर, सा म्हणजे सासर."

"अय्या," विद्यार्थिनी म्हणाली, "मला वाटलं सारेगमातला सा."

तिला हसू आलं आणि हसता हसता ते मोडलं. मी खुर्चीची पाठ धरली. हाताला उशी लागली.

तिला सांग, माहेरची पोरं बरी आहेत, सासरची नाहीत.

तिने माझ्या घराण्याला नाव ठेवलं नव्हतं. माहेरच्या लेकीला आशीर्वाद दिला नव्हता. ती निकाल सांगत होती. साध्या पाण्यातली बरी, औषधातली नाहीत. आणि 'तिला' म्हणजे भाचीला नव्हे, या समोरच्या मुलीला. हिने तो लिहायचा, डॉक्टरांकडे पोचवायचा. जे शब्द टाकीमामाला सरळ आणि हिला डिशवरची अक्षरं बघून कळले असते, ते तिने दाराशी नाक दाबून उभ्या असलेल्या बहिणीला सांगितले. बहिणीने ते बहिणीसारखे ऐकले.

सांगितलंस? हो गं, सांगितलं. आणि ती शांत पडली.

"मला कुणी काहीच सांगितलं नाही," विद्यार्थिनी म्हणाली.

६

भाची माहेरीच होती. वाळलेल्या कपड्यांच्या घड्या करत बसली होती. मी रुमाल टेबलावर ठेवला आणि पहिल्यापासून सांगितलं. आगीचा अहवाल सांगायचो तसं, एकापुढे एक. ताई मध्ये दोनदा "काहीतरीच" म्हणाल्या. लवंगेच्या तेलापाशी त्या गप्प झाल्या.

"म्हणजे मी जे बघत होते," त्या म्हणाल्या, "ती त्यांना..."

"हो."

"मी म्हटलं, खाऊ घालतेय."

त्या भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मी या घडीची वाट बघत आलो होतो हे खोटं नाही. दोष तुमच्या रक्तात, हे वाक्य त्यांनी परत घ्यावं एवढ्यासाठी मी ते दोन जिने चढलो होतो. आता ते आपोआप परत आलं होतं. सोन्याच्या वेळचं औषध वेगळं होतं, तेव्हा त्याचं काय ते यातून कळत नव्हतंच. पण माझ्या रक्तावर बोट ठेवणारं वाक्य उरलं नव्हतं.

भाचीने हातातला टॉवेल घडी न करता मांडीवर ठेवला.

"काका, मावशीचा निरोप आल्यावर मी थांबलेच नाही."

ताई वळल्या. "म्हणजे?"

"आई, तुला पुढच्या महिन्यात सांगणार होते. दिवस गेल्याचं नक्की झाल्यावर."

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिची टिकटिक चालू होती.

"गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नकोस," मी म्हणालो. "आत्ताच डॉक्टरांना फोन लाव. बदलतील. आणि मासा म्हणजे माणूस नव्हे. तुझी मावशीच म्हणायची." हे ती खरंच म्हणायची. पण ती असंही म्हणायची की मेंदूचा पाया आईला चाहूल लागायच्या आधीच बसून जातो. ते मी सांगितलं नाही.

दोष माझ्याच रक्तात निघाला असता तर बरं झालं असतं. मी तो घेऊन घरी गेलो असतो आणि सोन्याच्या शेजारी बसलो असतो. कुणाचं काही बिघडलं नसतं.

भाचीने रुमाल उचलला, वास घेतला, आणि चार घड्या करून माझ्यापुढे ठेवला.

"काका, सासरची सगळीच का हो?"

ताई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. त्यांनी आयुष्यात माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं.

मी कितीतरी जळकी दुकानं बघितली. मालक हात धरून विचारायचे, साहेब, काहीच वाचलं नाही का? नव्हतं वाचलं तर मी नाही म्हणायचो. एकालाही मी खोटं सांगितलं नव्हतं.

"ते आता कळायला मार्ग नाही," मी म्हणालो. "तिने मोजली नव्हती."

"म्हणजे काही बरीही असतील."

"असतील," मी म्हणालो.